श्वासखूण

चौथ्या सुरावर शीळ फाटली आणि ऋतिकाने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

पक्षिश्रवण केंद्रात ती तपासनीस होती. यंत्राला ज्या आवाजाची खात्री पटत नसे तो तिच्याकडे येई. ती ऐकायची आणि दोनांपैकी एक बटण दाबायची: ‘पक्षी’ किंवा ‘माणूस’. आवाज कुठल्या गावचा, कुठल्या खांबाचा, हे तिच्यापासून झाकलेलं असायचं. निवाडा कानाने व्हावा, ओळखीने होऊ नये, म्हणून. नियम चांगला होता, पण बापाची शीळ ओळखायला गावाचं नाव लागत नाही.

सुरमल काळेचा वरचा पुढचा दात चार वर्षांपूर्वी पडला होता. तेव्हापासून त्याची शीळ चढत चढत चौथ्या सुरावर आली की हवा त्या फटीतून निसटायची, सूर किंचित घसरायचा आणि तो थांबून पुन्हा दम घ्यायचा. ऋतिकाने आवाज आणखी दोनदा ऐकला. मग आजवर कधीच न केलेली गोष्ट केली. झाकलेलं ठिकाण उघडून पाहिलं.

खडकांबळीचा माळ. खांब क्रमांक बावीसशे सतरा. संशयित पक्षी तीन. तिन्ही आवाज वेगवेगळे, आणि तिन्ही चौथ्या सुरावर फाटलेले.

सात जिल्ह्यांतल्या माळरानांवर असे चार हजार खांब उभे होते. लोक त्यांना ‘कान’ म्हणत. माळचंडोलाच्या प्रत्येक नराचं गाणं माणसाच्या चेहऱ्याइतकं निराळं असतं, आणि यंत्र त्यावरून रोज सकाळी हजेरी घेई: हा आला, तो आला, हा काल होता आज नाही. कायदा या हजेरीवर उभा होता. ज्या माळावर विणीच्या हंगामात तीन नर गातील, तो माळ राखीव. तिथे खाण नाही, रस्ता नाही, सौरपट्ट्यांचं शेत नाही. हजेरी चुकली की एकवीस दिवसांनी राखीवपण संपलं. पूर्वी वर्षातून दोनदा दुर्बिणी घेऊन माणसं यायची आणि वरून सांगितलेला आकडा लिहून जायची. खांबाला वरून कुणी काही सांगू शकत नव्हतं. माळचंडोलच निवडला, कारण तो फार चोखंदळ. तो जिथे टिकतो तिथे तित्तर, लांडगा, खोकड सगळेच टिकतात.

पण पाखरू जसं ऐकता येतं तसं बोलावताही येतं. फासे लावणारे शीळ घालून पाखरं बोलावतात, आणि यंत्र सुरुवातीला त्या शिळांनाही पाखरूच समजायचं. ती खोड मोडली ऋतिकाने. पक्ष्याचं स्वरयंत्र दुपेडी असतं आणि तो दोन सुरांच्या मधल्या फटीत इवलासा श्वास ओढून घेतो. सेकंदाचा तिसावा भाग त्याला पुरतो. माणसाला पाचवा भाग तरी लागतो, आणि दम संपत आला की त्याचा सूर आधी थोडा खाली येतो. आधी घसरण, मग फट. तिने याला नाव दिलं श्वासखूण. यंत्राला ती एकेका जिल्ह्यात शिकवत नेली; खडकांबळीच्या बाजूला ती याच हंगामात पोचली. केंद्रातल्या इतरांकडे तिच्याहून मोठ्या पदव्या होत्या, पण ती फासेपारध्यांच्या वस्तीत म्हणजे बेड्यात, शीळ घालणाऱ्यांच्या मांडीवर वाढली होती. दोन वर्षांत श्वासखुणेवर एक्केचाळीस जण तुरुंगात गेले. त्यात तिचे दोन मामा होते. तेव्हापासून नात्यातल्या लग्नात तिच्या ताटात कुणी आपणहून वाढत नसे.

आता निवाड्याला तीन दिवस होते.

‘माणूस’ म्हटलं तर खडकांबळीची हजेरी शून्य. माळ जाणार, माळाच्या राखणीवर तिथे बसवलेला अकरा घरांचा बेडा उठणार आणि बापाला तीन वर्षं. राखीव माळावर पाखराची नक्कल करणं हा फासे लावण्याइतकाच गुन्हा होता. ‘पक्षी’ म्हटलं तर यंत्र त्यातून शिकणार. ते तिच्या प्रत्येक उत्तरातून शिकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार हजार कान असं धरून चालणार की श्वासखूण पाखराच्या गाण्यातही असू शकते. सातही जिल्ह्यांतले फासेवाले मग मोकळ्या दाराने आत जाणार. सगळ्या माळांवर मिळून नर उरले होते बासष्ट. त्यातले हे तीन वजा केले तर एकोणसाठ.

दुसऱ्या दिवशी ती खडकांबळीला गेली.

सुरमल माळाच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत बसला होता. तिच्या अंगातलं केंद्राचं झगझगीत पिवळं जाकीट त्याने लांबूनच पाहिलं होतं.

“आता कुणाला धराय आलीस?” तो म्हणाला. “मामं संपलं का?”

“तुला.”

“बरं.” त्याने चहा गाळला. “कपात घेतीस का बशीत? सायबीण झाल्यापास्नं कळंना.”

ती दगडावर बसली. “किती वर्षं चाललंय हे, बा?”

“तीन. टोळधाडीची फवारणी झाली बघ, त्या साली. सकाळी जाऊन बघतो तर गवतात पालथी पडल्याली. अकरा मोजली म्या. खड्डा काढून पुरली. मग म्हणलं, आता हजेरीला कोण जायचं?”

“म्हणून मेलेल्यांची हजेरी तू लावलीस.”

“तुझा मास्तर न्हाई का लावायचा? निम्मी पोरं ऊसतोडीला, आन पटावर समदी हजर. त्यानं खरं लिवलं असतं तर शाळा बंद पडली असती. मग तू कुठं शिकली असतीस? माझी शीळ धरायचं यंत्र कुणी केलं असतं?”

तिने भलताच प्रश्न विचारला, आणि विचारताना आपल्याला खरंच कुतूहल आहे हे जाणवून तिला स्वतःचा राग आला. “तीन वेगळे आवाज कसे काढलेस?”

“एक जिभंच्या टोकानं. एक गाल आत घिऊन. एक करंजाच्या पानावर.” तो खुशीत आला होता. “म्हातारा नर हुता त्यो पानावर. त्याला थोडा खोकला दिला म्या.”

“आणि दाताचं लक्षात आलं नाही?”

“आपला दात आपल्याला कवा दिसतो गं?”

थोडा वेळ दोघं चहा प्यायली. माळ पिवळा पडला होता, आणि लांब कुठेतरी तित्तर ओरडत होता. खराच असावा. त्याच्यासाठी खांब नव्हता.

“एक खरा हाय,” सुरमल म्हणाला.

“बा.”

“आईकून तर घे. गेल्या साली आलं कुठनं तरी. पिल्लूच हुतं, पिसं बी धड न्हवती. बाप न्हाई, चुलता न्हाई, गाणं शिकवाय कोण? माझी जिभंची शीळच आईकून शिकलं. म्या गप बसलो की त्ये गातंय. त्ये गप बसलं की म्या.”

ऋतिकाने कप खाली ठेवला. पकडल्या गेलेल्या पारध्याच्या गोष्टीत एक पाखरू नेहमीच जास्त असतं. हे तिला मोठ्या मामानेच हसत हसत सांगितलं होतं, पकडला जाण्याआधी.

“दाखव,” ती म्हणाली.

दोघं माळात दोन तास बसली. सुरमलने जिभेने शीळ घातली, गालाने घातली, पान तोडून घातली. उत्तर आलं नाही.

“त्ये पिवळं जाकीट काढ,” तो म्हणाला. “त्याला दिसतंय त्ये.”

“माळावर घालायचा नियम आहे.”

“मग नियमालाच ईचार पाखरू कुठं हाय त्ये.”

तिने जाकीट काढलं नाही. उन्हं चढल्यावर ती उठली. निघताना त्याने विनवणी केली नाही की हात जोडले नाहीत. “बेडा कुठं बसवणार तेवढं आधी कळीव,” एवढंच म्हणाला. “शेरडं हायती.”

केंद्रात परतल्यावर तिने एक शेवटची खात्री करून घेतली, कारण ती तशी होती. एक माणूस एका वेळी दोन शिळा घालू शकत नाही. खडकांबळीच्या तीन महिन्यांच्या ध्वनिमुद्रणात दोन आवाज एकदा जरी, क्षणभर जरी, एकमेकांवर आलेले सापडले, तर त्यातला एक बापाचा नाही हे सिद्ध होईल. तिने यंत्राला शोधायला लावलं आणि वर स्वतः दीड दिवस ऐकलं. एकदाही नाही. एक संपल्यावरच दुसरा सुरू होत होता.

सोमवारी सकाळी तिने ‘माणूस’ हे बटण तीन वेळा दाबलं.

वनरक्षक इरण्णा हत्तुरे यांचा दुपारी फोन आला. “मॅडम, खडकांबळीचा आरोपी घेतला ताब्यात. नाव वाचलं मी. हातकडी घातली नाही. स्वतःच गाडीत बसले. मला म्हणाले, तुमच्या शिट्टीत दम नाही, साहेब.”

एकवीस दिवसांनी माळाचं राखीवपण संपलं. बेडा तालुक्याच्या गावाबाहेर, कचरा डेपोच्या मागच्या रिकाम्या जागेत हलवला. यंत्र आता श्वासखुणेबाबत ठाम झालं होतं. खडकांबळीचे आवाज तपासनिसाकडे न पाठवता परस्पर निकालात काढत होतं.

चाळिसाव्या दिवशी ऋतिकाने ती निकालात काढलेली यादी उघडली. का, ते तिला सांगता आलं नसतं. मनात काही टोचत होतं असंही नाही. खांब उपटण्याआधी नोंदी बंद करायच्या होत्या, एवढंच.

सुरमलला नेल्यानंतरच्या दिवसांत खडकांबळीला चारशे बारा वेळा ‘माणूस’ अशी नोंद झाली होती.

तिने पहिला आवाज लावला. चढत गेलेले तीन सूर, चौथ्यावर घसरण, मग फट, बरोबर सेकंदाचा पाचवा भाग. तिच्या बापाची शीळ. बाप मात्र सोलापूरच्या तुरुंगात होता. तिने ती फट ताणून मोठी केली आणि आवाज पूर्ण वाढवला. माणसाच्या फटीत श्वास आत ओढल्याची बारीक सुसकारी असते. या फटीत काहीच नव्हतं, नुसती शांतता. कुणीतरी तिथे थांबत होतं, दमासाठी नव्हे, तर गाण्यात इथे थांबायचं असतं असं शिकलं होतं म्हणून.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली. शेजारी गाणारे चंडोल एकमेकांच्या गाण्यावर गात नाहीत. एक थांबतो, मग दुसरा उत्तर देतो. ही गोष्ट तिने शोधलेली नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होती, आणि परीक्षेत ती लिहून तिने गुणही घेतले होते.

हत्तुरे तिला स्वतःच्या गाडीतून माळावर घेऊन गेले. निम्म्या माळावर सौरपट्ट्यांसाठी लोखंडी पाय रोवून झाले होते. उरलेल्या निम्म्यावर एक पिवळं यंत्र गवत मुळांसकट खरवडून ढीग लावत होतं. त्यातल्या एका ढिगावर तो बसला होता. छोटा तुरा, मातकट अंग, उन्हात उघडी चोच. यंत्र वीस पावलांवर आलं की उडायचा, आणि ते वळलं की पुन्हा त्याच ढिगावर येऊन गायचा.

ऋतिकाने जाकीट काढून गाडीत ठेवलं. आधी तिने खरं गाणं म्हटलं, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून पाठ केलेलं, निर्दोष. पाखराने मानही वळवली नाही. मग तिने चौथा सूर मुद्दाम घसरवला, थांबली आणि पुढचं म्हटलं.

पाखरू थेट तिच्याकडे बघू लागलं.

“साहेब,” ती म्हणाली, “नायलॉनचा दोरा आहे का गाडीत?”

हत्तुरेंनी दोरा दिला. तिची बोटं गाठी मारू लागली तसे ते म्हणाले, “मला जरा लघवीला जायचंय. वेळ लागेल. साखर आहे मला.” आणि पाठ फिरवून लांब चालत गेले.

सातव्या वर्षी शिकलेला फास तिला एका दमात जमला. ती बापासारखी शीळ घालत राहिली. पाखरू उडत आलं, खाली उतरलं, तुरूतुरू चालत तिच्या दिशेने आलं, उत्तर देण्यासाठी मध्येच थांबलं, पुन्हा चाललं आणि फासात पाय घातला. त्याला कशाचा संशयच आला नाही. त्याच्या जन्मात त्या आवाजाने त्याला कधी फसवलं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. सुलक्षणा बेंडगे यांनी पक्षी पाहिला आणि दार लावून घेतलं.

“माद्यांसमोर नेलास?”

केंद्राच्या पिंजऱ्यात पैदाशीसाठी ठेवलेल्या चार माद्या आणि काही पिल्लं होती. जुनं ध्वनिमुद्रण लावलं की चौघी माद्या जाळीशी येत. हा गायला तेव्हा त्या दाणे टिपत राहिल्या. त्यांच्या लेखी तो माणूस होता.

“आणि पिल्लांजवळ ठेवता येणार नाही,” बेंडगे म्हणाल्या. “ती हेच शिकतील. पुढच्या पिढीत सगळेच तुझ्या वडिलांसारखे गातील आणि एकालाही मादी मिळणार नाही. याला मुक्या खोलीत ठेवावं लागेल.” मुकी खोली म्हणजे आजारी पाखरांसाठीची, आवाज बाहेर न जाऊ देणारी खोली.

“नोंद करते,” ऋतिका म्हणाली. “नर, एक. खडकांबळी.”

“बस आधी.” बेंडगेंचा आवाज थकलेला होता. “नोंद केलीस की श्वासखूण पाखरातही सापडते हे कागदावर आलं. एक्केचाळीस जणांचे वकील तेवढ्याचीच वाट बघतायत. सगळे या हंगामात बाहेर येतील, आणि या हंगामात माझ्याकडे एकोणसाठ नर आहेत.”

“खोलीतला धरून साठ.”

“हा कशाला धरतेस? हा कुणाचा बाप होणार आहे? माळही परत येणार नाही, ऋतिका. तिथे तीन नर हवे होते. एक सापडला काय न सापडला काय, हजेरी भरतच नव्हती.”

“फटीत श्वास आहे की नाही हे यंत्राला शिकवता येईल. मग खरं-खोटं वेगळं होईल.”

“येईल की. वर्ष लागेल. तोवर कोर्ट थांबेल?”

ऋतिकाने मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडून पाहिलं. एका बाजूला एकोणसाठ. दुसऱ्या बाजूला चुकीचं गाणारं एक पाखरू, ज्याला वंश नाही, आणि एक म्हातारा, ज्याने गुन्हा खरोखरच केला होता. कसंही मांडलं तरी उत्तर तेच येत होतं. त्यात कुठेतरी चूक सापडावी म्हणून तिने बराच वेळ वाट पाहिली. चूक नव्हती.

तिने नोंद केली नाही. पाखराच्या पायात क्रमांकाची कडी घातली गेली नाही.

मुक्या खोलीत तो अकरा दिवस गायला. काचेपलीकडून तिला फक्त त्याची उघडणारी चोच दिसायची. गाणं संपलं की तो मान तिरकी करून थांबायचा, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचा, आणि मग पुन्हा सुरू करायचा. आत जाऊन शीळ घातली असती तर बरं वाटलं असतं त्याला, हे तिला कळत होतं. पण त्याने प्रयोगाला काही अर्थ उरला नसता असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर प्रयोग कुठलाच चालू नव्हता. बाराव्या दिवशी तो गायला नाही. चौदाव्या दिवशी कर्मचाऱ्याने रिकामी खोली धुऊन काढली.

त्याच आठवड्यात ती तुरुंगात भेटीला गेली. सुरमल वाळला होता, पण दाढी नीट केलेली होती. जाळीपलीकडे बसल्या बसल्या त्याने विचारलं, “शेरडं?”

“दोन विकली. बाकी आहेत.”

“आन त्यो? गातोय का अजून?”

रस्ताभर तिने याचीच तयारी केली होती. आवाज हलला नाही. “कुणी नव्हतं, बा. आम्ही सगळं तपासलं. तिथे तू एकटाच होतास.”

सुरमलने तिच्याकडे नीट पाहिलं. शीळ ऐकताना बघायचा तसं, जरा बाजूला मान करून.

“मग मला उत्तर कोण देत हुतं, रुते?”

“तुझाच आवाज परत येत असेल. प्रतिध्वनी म्हणतात त्याला. समोर काही आडवं असलं की आवाज त्यावर आपटून परत येतो.”

“माळावर?” तो म्हणाला. “माळावर काय हाय आडवं?”

तो जाळीला कपाळ टेकवून वाट बघत होता, आणि भेटीची वेळ संपल्याचं पहारेकऱ्याने पहिल्यांदा सांगितलं.

“आता आहे, बा,” ती म्हणाली. “आता सगळ्या माळावर काचा आहेत.”